पावसात पेटविलेली शेकोटी

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना पूर्वी आजोळ आठवे. परीक्षा आटोपली, की पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतींतली मुले आईचा हात धरून राहुरी, श्रीरामपूर, संगमनेरकडे जाणाऱ्या एसटीत बसत आणि दीड महिना मामाच्या मळ्यावर, चिंचेच्या सावलीत आणि गावच्या देवळाच्या घंटेवर काढीत. कालमान बदलले. त्याच मुलांची मुले आज हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतात. पतिपत्नी दोघेही मिळवते, दोघांनाही रजा मोजून मिळालेली; त्या आठ-दहा दिवसांसाठी ती दोघे शेंगेन व्हिसा काढतात आणि भूमध्य समुद्रातले एखादे बेट निवडतात. निळे पाणी, उंच कडे, दगडी गल्ल्या, माशांचे जेवण. यात गैर काहीच नाही. कष्टाने मिळविलेली विश्रांती हे देवाचेच दान होय.

परंतु त्या बेटांपैकी एक बेट असे आहे, की तेथे जाणाऱ्या ख्रिस्ती जोडप्याने प्रवासी कंपनीच्या रंगीत पत्रकापलीकडे थोडे पाहावे. ते बेट माल्टा. आपण ते प्रथम भेटलो ते प्रवासवर्णनात नव्हे, तर पवित्र शास्त्रात, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या शेवटच्या दोन अध्यायांत. आणि पुण्या-खडकीचा संबंध त्या बेटाशी सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच आला होता, हे तर आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

खडकाळ भूमी

माल्टा हा खरे तर एक लहानसा द्वीपसमूह आहे. माल्टा, गोझो आणि चिमुकले कोमिनो मिळून क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर. सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे नव्वद किलोमीटरवर ही बेटे समुद्रात उभी आहेत. मुख्य बेट सत्तावीस किलोमीटर लांब. सारी भूमी चुनखडीच्या दगडाची. वर्षभर वाहणारी नदी नाही, रान जवळजवळ नाही. पश्चिमेला दिंगलीचे कडे सुमारे अडीचशे मीटर सरळ समुद्रात उतरतात. शेते म्हणजे दगडी बांधांनी तोललेल्या लहान लहान पायऱ्या. सह्याद्रीच्या उतारावरील खाचरे पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची वाटावीत. उन्हाळ्यात पाऊस नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर जातो आणि आफ्रिकेकडून येणारा दमट उष्ण वारा जीव नकोसा करतो. गोझोच्या किनाऱ्यावर ‘अझुर विंडो’ नावाची निसर्गनिर्मित दगडी कमान होती. असंख्य प्रवाशांनी तिच्यापुढे छायाचित्रे काढली. ८ मार्च २०१७ रोजी आलेल्या वादळात ती समुद्रात कोसळली. दगडही तेथे कायमचा नाही.

अशा ओसाड भूमीवर माणूस मात्र फार जुना. गोझोवरील जगन्तिया येथील पाषाणमंदिरे ख्रिस्तपूर्व ३६०० च्या सुमारास बांधली गेली; म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहूनही ती प्राचीन आहेत. पुढे फिनिशियन आले, कार्थेजचे लोक आले, रोमन आले. आपल्या कथेचा आरंभ या रोमन काळातला.

दोनशे शहात्तर जीव

इसवी सन ६० च्या आसपासची गोष्ट. संत पौलाने कैसराकडे दाद मागितली होती, म्हणून त्याला कैदी करून युल्य नावाच्या शताधिपतीच्या पहाऱ्यात रोमकडे पाठविण्यात आले. क्रीट बेटाजवळ पोहोचेपर्यंत शरद ऋतू उलटत आला होता. पुढे जाऊ नये, जहाज आणि माणसे धोक्यात येतील, असे पौलाने सुचविले. शताधिपतीने साहजिकच कैद्यापेक्षा तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकले. मग ईशान्येकडून ‘युरकुलोन’ नावाचे तुफान सुटले. चौदा दिवस सूर्य दिसला नाही, तारे दिसले नाहीत. माल समुद्रात टाकला, जहाजाचे सामान टाकले, शेवटी गहूही टाकला.

या वर्णनात एक प्रसंग आहे, तो आपण मिस्साबलिदानाला नित्य जाणाऱ्यांनी विसरू नये. पहाट व्हायच्या आधी पौलाने सर्वांना धीर दिला, भाकर घेतली, सर्वांसमक्ष देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाल्ली. मग इतरांनीही धीर धरून अन्न घेतले. जहाजावर २७६ माणसे होती, असे संत लूक नेमकी संख्या देऊन सांगतो. सैनिक, खलाशी, व्यापारी, कैदी, सर्व एकाच मोजणीत. जहाज वाळूत रुतून फुटले. कैदी पळून जातील या भीतीने सैनिक त्यांना ठार मारणार होते. शताधिपतीने त्यांना अडविले. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर तरंगत, सर्वच्या सर्व किनाऱ्याला लागले.

किनाऱ्यावर आल्यावर त्यांना कळले, की या बेटाचे नाव मलिता. तेथल्या लोकांना लूक ‘बर्बर’ म्हणतो. हा शब्द ऐकून आपण दचकतो. पण त्या काळच्या ग्रीक भाषेत ज्याची बोली ग्रीक नाही तो बर्बर, एवढाच त्याचा मूळ अर्थ. माल्टाचे लोक तेव्हा फिनिशियनांकडून आलेली बोली बोलत. पाऊस पडत होता, थंडी होती. त्या लोकांनी शेकोटी पेटविली आणि सर्वांचे स्वागत केले. आलेल्यांत कैदी किती, सैनिक किती, हे त्यांनी विचारल्याचा उल्लेख नाही. पौल स्वतः काटक्या गोळा करून आगीवर घालू लागला, तेव्हा एक सर्प त्याच्या हाताला डसला. लोकांना आधी वाटले, हा खुनी असला पाहिजे. काहीच झाले नाही तेव्हा वाटले, हा देव असला पाहिजे. परक्या माणसाविषयी आपली मते अशीच एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जातात. बेटाचा मुख्य पुब्ल्य याने तीन दिवस पाहुणचार केला. त्याचा बाप तापाने व हगवणीने आजारी होता, पौलाने प्रार्थना करून त्याला बरे केले. तीन महिन्यांनी ही मंडळी अलेक्झांड्रियाच्या दुसऱ्या जहाजातून पुढे निघाली, तेव्हा बेटकऱ्यांनी त्यांना लागणारी शिधासामग्री जहाजावर चढवून दिली. माल्टाची परंपरा या पुब्ल्याला आपला पहिला महागुरुस्वामी मानते.

मलिता म्हणजे माल्टाच का, याविषयी विद्वानांत वाद झाले. अठराव्या शतकात एका बेनेडिक्टाइन धर्मगुरूंनी तो मान आड्रियाटिक समुद्रातील म्ल्येत बेटाला दिला. जेम्स स्मिथ या स्कॉटिश गृहस्थाने हा प्रश्न दर्यावर्दीच्या दृष्टीने तपासला आणि १८४८ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तशा वाऱ्यात तशा प्रकारचे जहाज दिवसाला किती मैल वाहत जाईल, याचा त्याने हिशेब मांडला. क्रीटजवळच्या कौदा बेटापासून माल्टापर्यंतचे अंतर काटायला तेरा दिवसांहून थोडा अधिक काळ लागतो, असे उत्तर आले. लूकाच्या चौदाव्या रात्रीशी ते जुळते. आजही १० फेब्रुवारी रोजी माल्टात संत पौलाच्या जहाजफुटीचा सण राष्ट्रीय सुट्टी म्हणून पाळला जातो. स्वतःच्या देशात झालेल्या अपघाताचा सण करणारे लोक जगात विरळाच!

आपलीच नाळ जुळलेली भाषा

सन ८७० मध्ये अरबांनी माल्टा जिंकले, १०९१ मध्ये नॉर्मन आले. राज्ये बदलली, पण अरबी वळणाची बोली लोकांच्या ओठांवर राहिली. म्हणूनच माल्टाची भाषा आज सेमिटिक कुळातली असून रोमन लिपीत लिहिली जाते. धर्माने कॅथॉलिक असलेला हा समाज देवाला ‘अल्ला’ म्हणतो आणि उपवासकाळाला ‘रांदान’. हे ऐकून नवल वाटेल. पण आपल्या मराठीकडे पाहा. ‘किताब’ आपण म्हणतो, ते ‘क्तीब’ म्हणतात. ‘दुनिया’ आपण म्हणतो, ते ‘दिन्या’ म्हणतात. ‘सुलतान’ हा शब्द दोन्हीकडे आहे; त्यांच्याकडे तो राजासाठी सरसकट वापरला जातो. आपण देवळात पोर्तुगीजांकडून आलेला ‘पाद्री’ आणि ‘आल्तार’ हे शब्द वापरतो आणि त्याच श्वासात संस्कृतातून आलेला ‘कृपा’ शब्द उच्चारतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध केले तेव्हापासून आपली श्रद्धा आपल्या मातीच्या शब्दांत बोलत आली आहे. शब्दाचा जन्म कोणत्या धर्माच्या घरी झाला यावरून त्याची पवित्रता ठरत नाही, हे त्या लहानशा बेटाने हजार वर्षे जगून दाखविले आहे.

सरदारांचे वैभव, गुलामांच्या बेड्या

१५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने हे बेट संत योहानाच्या संघाला, म्हणजे ‘नाइट्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मयोद्ध्यांना दिले. त्यानंतर चारच वर्षांनी, १५३४ मध्ये, वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. दोन्ही घटना एकाच दर्यावर्दी युगाच्या होत. १५६५ मध्ये तुर्की आरमाराने माल्टाला वेढा घातला. ला व्हालेत या महाधिपतीच्या नेतृत्वाखाली बेटाने तो परतविला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाच्या व्हॅलेटा नगरीची पायाभरणी झाली. वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकली; त्यानंतर दोन वर्षांनी माल्टात मानुएल पिंतो द फोन्सेका हा पोर्तुगीज सरदार संघाचा महाधिपती झाला. एकीकडे पोर्तुगीजांचा सूर्य मावळत होता, दुसरीकडे एक पोर्तुगीज गादीवर बसत होता.

या संघाने उभारलेल्या रुग्णालयात रोग्यांना चांदीच्या ताटांतून जेवण दिले जाई आणि उमराव घराण्यांतील नाइट्स स्वतः त्यांची सेवा करीत. व्हॅलेटातील संत योहानाच्या महामंदिरात काराव्हाज्जो या चित्रकाराचे १६०८ मधील ‘बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद’ हे भव्य चित्र आहे. त्याने सही केलेले ते एकमेव चित्र होय. आपल्या जोडप्याने ते अवश्य पाहावे. पण त्याच बंदरात संघाची गलबते मुसलमान बंदिवानांच्या वल्ह्यांवर चालत आणि तेथे माणसांची खरेदी-विक्री होई, हेही लक्षात असू द्यावे. रोग्याला चांदीचे ताट आणि गुलामाला लोखंडी बेडी, ही दोन्ही एकाच क्रुसाच्या निशाणाखाली होती. शेकोटी पेटविणाऱ्या बेटावर हेही घडले. ख्रिस्तसभेचा इतिहास वाचताना मान ताठ करण्याचे प्रसंग येतात तसे मान खाली घालण्याचेही येतात. दोन्ही सोसता आले, तरच तो इतिहास आपला होतो.

खडकीहून माल्टाला

१७९८ मध्ये नेपोलियनने संघाला हुसकावले. १८०० मध्ये इंग्रज आले. आणि १८७८ साली महाराष्ट्र प्रत्यक्ष माल्टाच्या किनाऱ्यावर उतरला.

रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध नुकतेच संपले होते. मार्च १८७८ मधील सान स्टेफानोच्या तहाने रशियाचे वर्चस्व भूमध्य समुद्रापर्यंत येईल, अशी भीती लंडनला वाटू लागली. पंतप्रधान डिझरेली यांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टाला पाठविण्याचा निर्णय घेतला. एप्रिलच्या अखेरीस मुंबई बंदरातून जहाजे सुटू लागली. बंगाल व मद्रासच्या पलटणींबरोबर मुंबई लष्कराचे पायदळ आणि घोडदळ त्यांत होते. आणि होते खडकीचे ‘बाँबे सॅपर्स अँड मायनर्स’, रस्ते आणि पूल बांधणारे, सुरुंग लावणारे सैनिक. त्या दलाचा वारसा चालविणाऱ्या बाँबे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आजही खडकीत आहे. हिंजवडीहून ते फार दूर नाही.

तेव्हा दख्खनची स्थिती काय होती? १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांना जाळून गेला होता. माणसे खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर जगत होती. त्याच मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला होता. अशा वेळी दख्खन-कोकणातील शिपाई नऊ वर्षांपूर्वी खुल्या झालेल्या सुएझ कालव्यातून, ज्या युद्धाशी आपला काडीचा संबंध नाही अशा युद्धासाठी, परक्या बेटाकडे निघाला. लंडनच्या पार्लमेंटात मे महिन्यात यावर कडाक्याचा वाद झाला. पण वादाचा विषय त्या शिपायाचे सुखदुःख हा नव्हता, तर पार्लमेंटच्या संमतीवाचून हिंदी फौज युरोपात आणता येते काय, हा होता.

युद्ध झाले नाही. ४ जूनच्या करारान्वये तुर्कस्तानने सायप्रसचा कारभार इंग्रजांना दिला आणि बर्लिनच्या परिषदेत १३ जुलैला तह झाला. या फौजेचा काही भाग सर गार्नेट वुल्सली यांच्या हाताखाली सायप्रसवर उतरला आणि नंतर पलटणी मायदेशी परतल्या. म्हणजे मराठी माणसाने भूमध्य समुद्रातल्या खडकाळ बेटांवर काढलेला तो उन्हाळा होता. मात्र तो रजेचा नव्हता, हुकमाचा होता. पत्नी गावी, दुष्काळात. पती तंबूत, समुद्रापार. आज हिंजवडीतील पतिपत्नी शेजारी शेजारी बसून विमानाच्या खिडकीतून ज्या तटबंदीकडे पाहतात, तिच्या सावलीत त्यांच्याच भागातून गेलेला शिपाई उभा राहिला होता. त्याच दशकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीय धर्मगुरू नगर जिल्ह्यातील केंदळच्या परिसरात कार्य करू लागले आणि दुष्काळाने पोळलेल्या त्या भूमीत आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या श्रद्धेचे बीज पडले. आपल्या घराण्याचा इतिहास आणि जगाचा इतिहास यांत आपण समजतो तेवढे अंतर नसते.

बाँब आणि घुमट

दुसऱ्या महायुद्धात माल्टावर बाँबचा वर्षाव झाला. ९ एप्रिल १९४२ रोजी मोस्ता येथील देवळाचा घुमट भेदून एक बाँब आत पडला. आत शेकडो भाविक जमले होते. बाँब फुटला नाही, कोणी दगावले नाही. त्यानंतर सहाच दिवसांनी साऱ्या बेटाला ‘जॉर्ज क्रॉस’ हे शौर्यपदक देण्यात आले. अन्न आणि तेल संपत आले असता ऑगस्टमध्ये मोठी हानी सोसून जहाजांचा ताफा पोहोचला. ‘ओहायो’ हे मोडकळलेले तेलवाहू जहाज पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, १५ ऑगस्टला, बंदरात ओढून आणले गेले. माल्टाचे लोक त्या ताफ्याला आजही ‘सांता मारिया’चा ताफा म्हणतात. २१ सप्टेंबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला, २००४ मध्ये युरोपीय संघात गेला. आता हजारो भारतीय तेथे रुग्णालयांत, हॉटेलांत, टॅक्सींवर काम करतात. सुट्टीवर गेलेल्या जोडप्याला जेवण वाढणारा तरुण केरळचा वा पंजाबचा निघाला तर नवल नको. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत.

आजची जहाजफूट

परंतु त्या निळ्या पाण्याचे दुसरे रूपही आहे. आफ्रिकेतून युद्ध आणि उपासमार यांपासून पळणारी माणसे मोडक्या नावांतून युरोपकडे निघतात. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी लाम्पेदूसा बेटाजवळ साडेतीनशेहून अधिक माणसे बुडाली. एप्रिल २०१५ मध्ये त्याहून मोठी दुर्घटना झाली. तिच्यातील चोवीस अनोळखी मृतदेह माल्टात आणून दफन करण्यात आले. त्यांची नावे कोणालाच माहीत नव्हती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी रोमबाहेरचा आपला पहिला प्रवास जुलै २०१३ मध्ये लाम्पेदूसालाच केला होता. एप्रिल २०२२ मध्ये ते माल्टाला आले, राबात येथील संत पौलाच्या गुहेत त्यांनी प्रार्थना केली आणि निर्वासितांची भेट घेतली. त्या भेटीचे सूत्र होते बेटकऱ्यांनी पौलाला दाखविलेले असामान्य अगत्य. माल्टाचे लोक आज या प्रश्नावर एकमताचे नाहीत. लहान भूमीला मर्यादा असतात, ही त्यांची अडचणही खोटी नाही. पण ज्या देशाचा राष्ट्रीय सणच बुडत्यांना हात दिल्याचा आहे, त्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

तो आपल्यालाही टाळता येणार नाही. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले शेतकऱ्यांचे गाव. म्हातोबाची बगाड यात्रा ही त्याची जुनी ओळख. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीने तेथे आयटी पार्क वसविला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन थडकली. संगणकावर काम करणारे आले, तसे इमारती बांधणारे, पहारा करणारे, धुणीभांडी करणारेही आले. आपण तरी कोण? आपले वाडवडील पिंपरीच्या कारखान्यांत पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरले, तेव्हा कोणी तरी त्यांना पहिली खोली भाड्याने दिली, कोणी तरी पहिल्या रविवारी देवळाची वाट दाखविली. आपल्या धर्मग्रामात आज ओडिशातील वा झारखंडातील कामगार मिस्साला मागच्या बाकावर एकटा बसून निघून जातो, तेव्हा त्याचे नाव आपण विचारतो काय?

म्हणून माल्टाला जाणाऱ्या तरुण दांपत्याला एवढेच सांगावेसे वाटते : समुद्रात मनसोक्त पोहा, गोझोचे कडे पाहा, मोस्ताचा घुमट पाहा. एक सकाळ राबातच्या गुहेसाठी राखून ठेवा आणि ‘प्रेषितांची कृत्ये’चा अठ्ठाविसावा अध्याय तेथे एकमेकांना वाचून दाखवा. परत आल्यावर नातलगांसाठी चॉकलेटे आणालच. त्यांबरोबर त्या बर्बर म्हणविल्या गेलेल्या लोकांची रीतही आणा. भिजलेल्या माणसाला आधी शेकोटीजवळ बसवावे; त्याची जात, भाषा, गुन्हा आणि कागदपत्रे यांची चौकशी नंतर करता येते.